कासवाला बाटलीचं पाणी

गेल्या महिन्याभरात चार जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय. एक ऑफिसातला, एक अंबरनाथचा कॉलेजमित्र, एक लोकलमधला (बदलापूर फास्ट, दारातून तिसरा, विंडो सीट या जन्मी मिळणार नाही असा) आणि एक आमच्याच सोसायटीतले काका. प्रश्न असा, "कासवाला पाणी कुठलं द्यायचं रे? आरओचं की बाटलीचं?"

आमच्या घरी गेली सहा वर्षं एक कासव आहे, त्यामुळे मी आपोआप तज्ज्ञ ठरलोय. मी तज्ज्ञ वगैरे काही नाही. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधले बग काढतो, संध्याकाळी स्वतः केलेले. पण चौथ्यांदा हा प्रश्न आला तेव्हा मात्र डोकं सटकलं, म्हणून आज शनिवारी चहाचा दुसरा कप घेऊन लिहायला बसलोय. लांबेल जरा. सांभाळून घ्या.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, हा प्रश्नच चुकीचा आहे. आणि तो चुकीचा आहे हे कळायला मला सहा महिने आणि एका मुक्या जिवाचे जवळजवळ दोन्ही डोळे लागले.

तर झालं असं. लेक चार वर्षांची होती, तिला घेऊन उल्हासनगरात कापड घ्यायला गेलो होतो. बाजारात एक दुकान होतं, बाहेर लव्हबर्ड्सचे पिंजरे आणि काचेच्या भांड्यात रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा जरा मोठी हिरवी पिल्लं. कानाजवळ लाल पट्टा. रेड इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं, आपल्याकडे "वास्तूसाठी चांगलं असतं" म्हणून खपतं. लेकीने काचेला नाक लावलं आणि विषय संपला. प्लॅस्टिकची परडी, त्यात प्लॅस्टिकचं नारळाचं झाड, वाळवलेल्या झिंग्यांचा डबा आणि पिल्लू घेऊन घरी आलो. दुकानदाराने निघताना सांगितलं, "साहेब, नळाचं पाणी नका टाकू. मिनरल वॉटर टाका. नळाच्या पाण्याने डोळे जातात."

नाव ठेवलं गुंड्या. (पुढे कळलं की ती मादी आहे. नाव तेच राहिलं.)

गुंड्याला आम्ही इमानेइतबारे बाटलीचं पाणी घातलं. तीन-चार महिन्यांनी तिच्या पापण्या सुजायला लागल्या. मी काय केलं असेल? पाण्याचा ब्रँड बदलला! मग आरओचं पाणी. मग उकळून गार केलेलं. मग कुणीतरी म्हणालं तुरटी फिरव, तर तुरटी. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, रोज ज्युनियर पोरांना सांगतो की लॉग न बघता कॉन्फिग बदलत बसू नका, आणि घरी मी तेच करत होतो. पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. कासव डोळ्यांनी बघून खातं. दिसलं नाही तर खात नाही. पंधरा दिवस तिने काही खाल्लं नाही, आणि लेक रोज शाळेतून आल्यावर पहिला प्रश्न तोच विचारायची.

शेवटी मुंबईला एका डॉक्टरांकडे नेलं, जे कुत्र्या-मांजरांखेरीज असले प्राणीही बघतात. त्यांनी पाण्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. पहिला प्रश्न, "खायला काय देता?" म्हटलं, झिंगे. "आणि?" आणि काही नाही. "ऊन?" गॅलरीतून दिसतं, म्हटलं. काचेतून.

अ जीवनसत्त्वाचा अभाव. पाळीव कासवांच्या पापण्या सुजायचं हे इतकं जुनं आणि इतकं नेहमीचं कारण आहे की त्यांना ते बघताक्षणी कळलं. नुसत्या वाळक्या झिंग्यांवर वाढवलेल्या पिल्लाला हे होतंच. त्यात काचेतून येणाऱ्या उन्हात अतिनील किरणांचा हवा तो भाग, म्हणजे यूव्हीबी, जवळजवळ गाळला जातो, त्यामुळे ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कवच मऊ पडायला लागतं. म्हणजे एकाच वेळी दोन आजार, दोन्ही माझ्या कृपेने, आणि मी बाटल्या बदलत बसलो होतो. औषधोपचार झाला, आहार बदलला, दिवा आणला. गुंड्या वाचली. उजव्या डोळ्याने कमी दिसतं, अजूनही घास डावीकडून द्यावा लागतो.

एक सांगून ठेवतो, अ जीवनसत्त्वाचे थेंब किंवा इंजेक्शन स्वतःच्या मनाने देऊ नका. जास्त झालं तरी विषारीच असतं ते.

आता पाणी. कारण पाणी महत्त्वाचं नाही असं मी म्हणत नाहीये. पाणी महत्त्वाचंच आहे, फक्त ज्या कारणाने आपण घाबरतो त्या कारणाने नाही.

आधी हे बघा की आपल्या नळाला काय येतं. या पट्ट्यात राहणाऱ्या किती जणांना हे माहिती असतं मला शंका आहे. बदलापूर आणि अंबरनाथला मुख्यतः जीवन प्राधिकरणाचं पाणी, बदलापूरच्या बॅरेजवरून उल्हास नदीतून उचललेलं. अंबरनाथच्या काही भागाला चिखलोली धरणाचं. उल्हासनगर महापालिकेचा स्वतःचा स्रोतच नाही, ती एमआयडीसीकडून विकत घेते, आणि एमआयडीसीचं पाणी बारवी धरणाचं, जांभूळला शुद्ध केलेलं. म्हणजे थोडक्यात सगळं सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं. काळ्या खडकावरून वाहून आलेलं, हलकं पाणी. माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाला टीडीएस मीटर लावला तर आकडा शंभरच्या आसपास येतो, पावसाळ्यात त्याहून कमी. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे (आयएस १०५००), त्यात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे.

मग आरओ कशासाठी? आरओ क्षार काढायला असतो. जिथे क्षारच नाहीत तिथे तो काय काढतो, तुमच्या खिशातले पैसे! राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितलं होतं की जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओवर बंदी आणा, कारण हे मशीन एक लिटर देताना दोन-तीन लिटर गटारात सोडतं. पण आमच्या बिल्डिंगमध्ये एक सेल्समन आला, मीटर बुडवून दाखवला, "बघा मॅडम, शंभर!" म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत चार फ्लॅटमध्ये आरओ बसले. शंभर हा आकडा चांगला की वाईट हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. (आमच्याही घरी आहे. मी ऑफिसात होतो.)

टीडीएस मीटर म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजणारं यंत्र. बस. पाण्यात जंतू किती हे त्याला कळत नाही, औषधं-कीटकनाशकं कळत नाहीत. गटाराच्या पाण्याचे चार थेंब बादलीत पडले तर त्याचा आकडा जेमतेम हलेल. सर्व्हरचं फक्त तापमान बघायचं आणि सिस्टिम उत्तम चाललीय म्हणायचं, तसला प्रकार.

दुसरी भीती क्लोरीनची. यात थोडं तथ्य आहे आणि भरपूर गैरसमज. माशाला क्लोरीन मारतं कारण मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, पाणी सतत त्या नाजूक पडद्यावरून जात असतं. बेडकाची तर कातडीच पाणी पिते, त्यालाही चालत नाही. पण कासव, सरडा, साप फुप्फुसाने श्वास घेतात, अंगावर खवले नाहीतर कवच. पिण्याच्या पाण्यात जेवढं क्लोरीन असतं, त्याने त्यांचं बिघडत नाही. मानकाप्रमाणे नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असायला हवं. ते असणं ही चांगली बातमी आहे! याचा अर्थ वाटेत काही घुसलं असेल तर त्याचा बंदोबस्त झालाय. नळाला क्लोरीनचा वास येत नाही म्हणून खूश होणारे लोक मी पाहिलेत. मला उलट त्या दिवशी काळजी वाटते.

क्लोरीन काढायचं ते वेगळ्या कारणासाठी. कासवाच्या टाकीत फिल्टर असेल तर त्यात चांगले जीवाणू वाढतात, विष्ठेतला अमोनिया तेच खातात. क्लोरीन त्यांना मारतं. म्हणून पाणी बादलीत एक दिवस ठेवायचं, क्लोरीन उडून जातं. बादलीवर फडकं बांधा, नाहीतर डेंग्यूचे डास घरचेच होतील. नेटवर वाचाल की नुसतं ठेवून उपयोग नाही, अमुक औषधाचे थेंब टाका. ते अमेरिकन शहरांसाठी खरं आहे, तिथे बऱ्याच ठिकाणी क्लोरामाइन वापरतात आणि ते असं उडत नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी क्लोरीन वायू नाहीतर ब्लीचिंग पावडर. दुसऱ्याच्या गावाचं कॉन्फिग आपल्या मशीनवर चालवायचं आणि मग चालत का नाही म्हणून रडायचं, ही आपली जुनी सवय.

आता खरी काळजी कुठली ते सांगतो.

पहिली, नळ ते ग्लास यातला प्रवास. शुद्धीकरण केंद्रातून पाणी निघतं तेव्हा ते बहुधा ठीकच असतं. पण आपल्याला चोवीस तास पाणी येत नाही. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आत पोकळी होते, आणि जिथे पाइपला बारीकशी चीर असेल तिथून बाहेरचं आत ओढलं जातं. बाहेर काय असतं ते तुम्ही पाहिलंय. कितीतरी ठिकाणी पाइपलाइन सरळ नाल्यातून गेलेली असते. म्हणून पाणी आल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं जे येतं ते झाडांना घाला. ना कासवाला, ना स्वतःला. मग सोसायटीची खालची टाकी, वरची टाकी. तुमच्या सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली? सेक्रेटरीला विचारा. मी विचारलं तर म्हणाले, "झालं की मागच्या दिवाळीत." कुठल्या मागच्या, ते नाही सांगितलं.

दुसरी, टँकर. बदलापूरला नव्या कॉम्प्लेक्समध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, तो कुठल्या विहिरीवर किंवा बोअरवर भरला हे ड्रायव्हरलाही धड सांगता येत नाही. त्यात क्लोरीन असेल असं धरून चालू नका. मेडिकलच्या दुकानात किंवा नेटवर ओटी टेस्टचं किट मिळतं, ऑर्थोटोलिडीन. नळीत पाणी, दोन-चार थेंब, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. शंभर-दोनशे रुपयांच्या आसपासचं काम. टीडीएस मीटरच्या ऐवजी हे घ्या. टँकरच्या दिवसांत मी स्वतः उकळलेलं पाणी पितो, तेच गुंड्याच्या पिल्लूपणी तिला दिलं असतं तर शहाणपणाचं झालं असतं. आता २०० लिटरची टाकी, उकळणार कुठे? त्या दिवसांत पाणी बदलणं पुढे ढकलतो आणि फिल्टरवर भागवतो.

तिसरी आणि सगळ्यात मोठी काळजी, टाकीतलं पाणी. पाणकासव ज्या पाण्यात पोहतं त्यातच खातं, त्यातच घाण करतं आणि तेच पितं. घास पाण्यातच गिळता येतो त्याला, कोरड्यावर नाही. म्हणजे सकाळी तुम्ही हिमालयातून आणलेलं पाणी ओतलंत तरी संध्याकाळी ते काय असेल? शिळ्या झिंग्यांचा रस्सा. बाटलीचं पाणी महाग म्हणून आम्ही परडीत दोन लिटर घालायचो आणि तीन-तीन दिवस तेच ठेवायचो. नळाचं भरपूर पाणी असतं आणि रोज बदललं असतं तर तिचं भलं झालं असतं. अडाणीपणा महाग पडतो म्हणतात, आमचा तर एमआरपी छापलेला होता.

पाळणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो, कवचाच्या दर इंचाला चाळीसेक लिटर पाणी. स्लायडरची मादी दहा-अकरा इंचांपर्यंत जाते. करा गुणाकार. चारशे लिटर म्हणजे चारशे किलो, गॅलरीत ठेवण्याआधी बिल्डरचं काम आठवा. :) आणि हे जनावर वीस-तीस वर्षं जगतं. त्या परडीवर आणि प्लॅस्टिकच्या झाडावर हे कुठेच छापलेलं नसतं.

माझ्या २०० लिटरच्या टाकीतलं अर्धं पाणी मी रविवारी बदलतो. १०० लिटर, म्हणजे २० लिटरचे पाच जार. जारचं पाणी म्हणजे तरी काय? बाटलीवर नीट वाचा, बहुतेकींवर "पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर" लिहिलेलं असतं. नैसर्गिक मिनरल वॉटरचं मानक वेगळं, याचं वेगळं. हे बहुधा कुठलं तरी बोअरचं नाहीतर नळाचंच पाणी, आरओमधून काढलेलं. लग्नात येतात त्या थंड जारांवर तर तेही लिहिलेलं नसतं. आणि क्लोरीन काढून टाकलेलं पाणी साठवलं की त्यात जंतू वाढायला कुणी अडवत नाही, हे फ्लॅटमधल्या आरओच्या टाकीलाही लागू.

हात धुणं राहिलं. कासवांच्या अंगावर, पोटात साल्मोनेला असतो, स्वतः ती ठणठणीत असली तरी. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाचं कासव विकायला बंदी आहे, कारण लहान मुलं ती तोंडात घालायची आणि आजारी पडायची. चार इंचांपेक्षा लहान! म्हणजे मला जे विकलं त्याच्या दुपटीहून मोठं. टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका, कुंडीतल्या कोथिंबिरीला घालू नका. मोगऱ्याला घाला, मोगरा खूश होतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढा काय तापतोस, एक दुकानदार चार शब्द चुकीचं बोलला. पण हे दुकानदाराचं नाहीच. सरपटणाऱ्या प्राण्याला काय पाजायचं याबाबतीत आपला इतिहासच धन्य आहे. नागपंचमीला दूध! लहानपणी आमच्या दारात टोपलीवाला यायचा, आजी वाटीत दूध द्यायची आणि नाग खरंच तोंड घालायचा. चमत्कार! चमत्कार कसला, त्या नागाला कित्येक दिवस पाण्याचा थेंब दिलेला नसायचा. तहानलेलं जनावर समोर येईल तो द्रव पितं. दूध सापाला पचत नाही, सस्तन नाही ना तो. त्या टोपल्यांमधले कितीतरी नाग नंतर मरायचे, आणि आपण नमस्कार करून पुढच्या वर्षीची वाट बघायचो. आपल्याला जनावराला काय हवंय ते बघायचं नसतं, आपल्याला काही तरी पवित्र, महागडं, पांढरंशुभ्र अर्पण करायचं असतं. तेव्हा दूध होतं, आता बाटली आहे.

आणि हे सगळं आपण कुठे बसून करतो? वालधुनीच्या काठावर.

अंबरनाथचं शिवमंदिर पाहिलं असेलच, शिलाहारांचं, १०६० सालचं. त्याच्या पायाशी जी वाहते ती वालधुनी. नऊशे-साडेनऊशे वर्षांपूर्वी कुणी मंदिर बांधायला ही जागा निवडली ती नाल्याकाठी म्हणून नसणार. तीच पुढे उल्हासनगरातून जाते आणि तिथे तिचा रंग कुठल्या दिवशी कोणता असेल हे त्या दिवशी कारखान्यांत काय चाललंय त्यावर ठरत आलंय. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस कुणीतरी रात्री तिच्यात रसायन ओतलं आणि उल्हासनगरात शेकडो लोक श्वास कोंडून हॉस्पिटलात गेले. वनशक्ती संस्थेच्या अर्जावर हरित लवादाने २०१५ मध्ये उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणासाठी इथल्या पालिका, एमआयडीसी, सांडपाणी केंद्रं अशा सगळ्यांना मिळून सुमारे ९५ कोटींचा दंड लावला होता. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात. जीन्स धुणाऱ्या कारखान्यांवर कारवाई झाली, आपल्या पँटी निळ्या करणारं तेच ते पाणी. उल्हास नदीवर दर उन्हाळ्यात जलपर्णीची हिरवी चादर पसरते, लोक पुलावरून बघून "काय छान" म्हणतात. ती चादर सांडपाण्यावर पोसलेली असते.

त्या नदीतही सरपटणारे प्राणी आहेत हो. मऊ पाठीची देशी कासवं, दिवड, काठाला घोरपड. त्यांना कुणी विचारत नाही आरओ की बाटली. पावसाळ्यात आमच्या कॉम्प्लेक्सच्या मागच्या ओढ्यात एक कासव आलं होतं, पाठीवर तेलकट थर. त्याचा फोटो ग्रुपवर पडला तेव्हा सतरा जणांनी हात जोडले आणि तिघांनी विचारलं, घरी ठेवलं तर चालेल का.

नाही चालणार. आणि पाळलेला स्लायडर नदीत, तळ्यात सोडलेलाही चालणार नाही. टाकी लहान पडायला लागली की लोक हेच करतात, "बिचाऱ्याला मोकळं केलं" म्हणतात. जगातल्या सगळ्यात त्रासदायक घुसखोर १०० जातींच्या यादीत हा प्राणी आहे, युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात थांबवली होती. देशी कासवांची उन्हाची जागा, अन्न, सगळं तो बळकावतो. आधी आपण नदीत रसायन सोडणार, मग त्यातून जी जगली वाचली त्यांच्यावर मिसिसिपीचा पाहुणा सोडणार. घेतलाय तर सांभाळा. नाहीच जमत तर दुसरा सांभाळणारा शोधा. मला विचारा, मी शोधायला मदत करीन, खरंच.

आता ते सोसायटीतले काका.

काकांच्या प्रश्नाला मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, टाकी किती मोठी वगैरे. काका म्हणाले, "टाकी नाही रे, ते जमिनीवरचं आहे. पाठीवर चांदण्यांची नक्षी आहे. पाण्यात ठेवलं तर बुडायला लागलं म्हणून विचारलं."

मी चहा खाली ठेवला.

स्टार कासव. कोरड्या गवताळ भागातलं, पोहता न येणारं. त्याला उथळ ताटलीत हनुवटीपर्यंत येईल एवढंच कोमट पाणी, पंधरा-वीस मिनिटं, त्यात ते बसून पितं. हे उत्तर मला पाठ आहे. पण ते उत्तर द्यायचं की नाही, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. कारण ते कासव घरात असणं हाच गुन्हा आहे. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ते पहिल्या अनुसूचीत गेलं. वाघ ज्या अनुसूचीत आहे, त्या. शिक्षा तीन ते सात वर्षं आणि किमान २५ हजार दंड. आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ पासून बंदी. तस्करीत जगात सगळ्यात जास्त पकडल्या जाणाऱ्या कासवांमध्ये हे एक. बॅगेत, सॉक्समध्ये, चिकटपट्टी लावून नेतात, आणि त्यातलं एक आमच्या बी विंगला, चौथ्या मजल्यावर, बाथरूममध्ये.

काका वाईट माणूस नाही. रिटायर्ड, एकटे, मुलगा पुण्याला. कुणीतरी "ठेवा, लक्ष्मी येते" म्हणून दिलं. मी सगळं सांगितलं. कायदा, अनुसूची, शिक्षा. ताटलीचंही सांगितलं, नाही राहवलं, ते बुडून मेलं असतं. आणि वनखात्याच्या हेल्पलाइनचा नंबर कागदावर मोठ्या आकड्यात लिहून दिला, १९२६, हॅलो फॉरेस्ट. म्हटलं स्वतः फोन करा, आपणहून द्या, मी येतो सोबत. काका गप्प बसले. मग म्हणाले, "ते रोज सकाळी माझ्या पायाशी येऊन बसतं रे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गुंड्याही बसते.

या गोष्टीला आज अकरा दिवस झाले. कागद त्यांच्या फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलेला आहे, काल मी पाहिला. उद्या रविवार, दुपारी गुंड्याची टाकी झाली की बी विंगला जाणार आहे. यावेळी फोन माझ्या हातात असेल. काकांना तसं सांगूनही ठेवलंय.

जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "बरं, ये. पण ते ताटलीतलं पाणी, ते नळाचंच चालेल ना?"